मुलांचा अपस्मार आणि पालकांच्या मनातले दोन आवाज

अपस्मार हा मेंदूचा आजार आहे आणि अनेकांना तो लहानपणीच सुरू होतो. मेंदूतील चेतापेशींचे व्यवहार सूक्ष्म विद्युतसंदेशांवर चालतात. पेशींचा एखादा समूह किंवा सगळा मेंदूच एकाच वेळी अनावरपणे असे संदेश सोडू लागला की फिट येते. एक फिट म्हणजे अपस्मार नव्हे. ताप, रक्तातील साखर उतरणे, डोक्याला मार असे तात्कालिक कारण नसताना चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्या, किंवा एकाच फिटनंतर ती पुन्हा येण्याचा धोका तपासण्यांत मोठा दिसला, तर अपस्माराचे निदान होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. त्यांतले जवळजवळ ८० टक्के लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात, असे हीच संघटना सांगते.

बेंगळुरू या आजाराच्या बाबतीत देशातले सुदैवी शहर म्हणावे लागेल. १९७४ साली स्थापन झालेली निम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था इथे होसूर रस्त्यावर आहे आणि तिच्या शेजारीच इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था. निम्हान्सच्या संशोधकांनी शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत एक लाखाहून अधिक लोकांची घरोघर पाहणी केली होती. तीत दर हजारी ८.८ लोकांना अपस्मार आढळला. खेड्यांत हे प्रमाण ११.९ तर शहरात ५.७ होते. शहरात तज्ज्ञ आहेत, ईईजी (मेंदूतील विद्युतसंदेशांचा आलेख) आणि एमआरआयची सोय आहे, औषधे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तरीही मूल डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि पोहोचल्यावरही घरात त्या आजाराबद्दल कुजबुजतच बोलले जाते.

याचे कारण नुसत्या अज्ञानात शोधून सापडत नाही. केरळसारख्या साक्षर राज्यातील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ९८ टक्के लोकांनी अपस्माराविषयी ऐकलेले किंवा वाचलेले होते. तरी २७ टक्के लोक त्याला वेडाचा प्रकार समजत होते, ३१ टक्के आनुवंशिक मानत होते आणि ११ टक्के लोकांना आपल्या मुलांनी अपस्मार असलेल्यांत मिसळणे मान्य नव्हते. ऐकून माहीत असणे एक आणि आपल्या पोटच्या मुलाच्या बाबतीत ते स्वीकारणे दुसरे. या दोहोंतले अंतर कुठे पडते हे पाहण्यासाठी पुढे दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. ‘बाबा’ हे नोकरीसाठी बेंगळुरूत स्थायिक झालेले, शिकलेले मराठी पालक. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला अपस्माराचे निदान झाले आहे. ‘आत्या’ ही त्यांची थोरली बहीण, बेळगावातल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दोघेही कल्पित आहेत.

आत्या : हे तुमच्या पहिल्यांदा लक्षात कधी आलं?

बाबा : उशिराच म्हणायचं. शाळेची तक्रार होती की लक्ष नसतं, हाक मारली तरी ओ देत नाही. आम्ही कान तपासले, डोळे तपासले, मोबाइल बंद केला, शिकवणी लावली. जेवताना घास हातात तसाच राहायचा, पापण्या फडफडायच्या आणि दहा सेकंदांत परत जेवायला लागायची. फिट म्हणजे हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस येणं, एवढंच डोक्यात होतं. त्यामुळे हीसुद्धा फिट असेल असं मनातही आलं नाही.

आत्या : शाळेत अशा मुलांना ‘तंद्रीत असते’ म्हणून उभं करतात. मूल बिचारं गोंधळून बघत राहतं, कारण मधे काय झालं ते त्याला ठाऊकच नसतं.

मुलीची ही लक्षणे ‘अ‍ॅब्सेन्स’ प्रकारच्या फिटची आहेत. अशा फिट दिवसातून अनेकदा येऊ शकतात. वर्गातले वाक्यच्या वाक्य निसटते, आणि ढिलाईचा शिक्का मात्र मुलावर बसतो. दवाखान्यात मुलाला दोन-तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावला की ही फिट बहुधा डोळ्यांसमोरच येते आणि ईईजीत तिचा ठरावीक आलेख उमटतो. दुसऱ्या प्रकारांत एकच हात किंवा चेहऱ्याची एकच बाजू आखडते, मूल ओठ चघळल्यासारखे करते, कपडे चाचपत राहते, विनाकारण घाबरून आईला बिलगते.

सर्वांत महाग पडतो तो तान्ह्या मुलांचे झटके ओळखण्यातला उशीर. तीन महिने ते एक वर्ष या वयात काही बाळे झोपेतून उठल्यावर एकामागून एक दचकल्यासारखी पुढे झुकतात, हात फाकवतात, क्षणभर थांबतात आणि पुन्हा तेच करतात. घरात याला पोटदुखी किंवा दचकणे म्हटले जाते, गुटी दिली जाते, दृष्ट काढली जाते. हा वेस्ट सिंड्रोम असतो. त्यात जाणारा प्रत्येक आठवडा बाळाच्या विकासातून वजा होतो; हसणारे बाळ हसेनासे होते, मान धरलेले बाळ मान टाकते. यावर एसीटीएचची इंजेक्शने, स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन असे उपचार आहेत, पण ते लवकर सुरू व्हावे लागतात. या झटक्यांचे पहिले नेमके वर्णन एका बापाने केले, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ साली आपल्याच तान्ह्या मुलाचे झटके ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवले. पालकांच्या डोळ्यांचे मोल आजही तेवढेच आहे. मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तज्ज्ञाला पुष्कळदा लांबलचक वर्णनापेक्षा अधिक सांगून जातो.

उलट बाजूने, तापात येणारी फिट पाहून घाबरलेले पालक तिलाच अपस्मार समजतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना तापात फिट येते, बहुधा ती काही मिनिटांत थांबते आणि पुढे कायमचा आजार होत नाही. अर्थात तापाचे कारण डॉक्टरांनी पाहायलाच हवे, विशेषतः मेंदूज्वर नाही ना, हे.

कर्नाटकात राहणाऱ्या पालकांनी आणखी एक प्रकार ओळखायला हवा. डोक्यावरून कढत पाण्याचे तांब्ये भराभर ओतले जात असताना येणारी फिट जगात क्वचितच आढळते, पण दक्षिण कर्नाटकात ती पुष्कळ दिसते. बेंगळुरूचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी यांनी १९७० च्या दशकात आणि नंतर निम्हान्समधील डॉ. पी. सतीशचंद्र यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. चाळीस ते पन्नास अंश तापमानाचे पाणी डोक्यावर पडत असताना मूल शून्यात बघते, असंबद्ध बोलते, कधी पाणी ओतायचे थांबवतच नाही. आठवड्यातून एकदा डोक्यावरून अंघोळ घालणारी आई हे नेमके पाहू शकते. पाणी कोमट ठेवणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही तर डोक्यावरून अंघोळ करण्याआधी घ्यायची गोळी डॉक्टर देतात. काही मुलांना पुढे पाण्याशिवायही फिट येतात, म्हणून ‘अंघोळीपुरतेच आहे’ असे म्हणून गप्प बसू नये.

बाबा : निदान झाल्यापासून घरात एकच प्रश्न फिरतोय, हे आलं कुणाकडून? तिच्या आजोळी कुणाला तरी फेफरं यायचं म्हणे. आपली आई म्हणते, पोटात असताना ग्रहण पाळलं नव्हतं.

आत्या : म्हणजे फिरून दोष सुनेवरच की! मुलगी आजारी आणि शिक्षा तिच्या आईला. डॉक्टरांनी काय सांगितलं?

बाबा : की तिच्या प्रकारात जनुकांचा थोडाफार भाग असतो, पण कुणी काही केल्यामुळे हे झालेलं नाही. आईला हे पटत नाही. बेळगावहून अंगारा पाठवलाय तिनं.

आत्या : अंगारा लावू दे, त्यानं बिघडत नाही. गोळी चुकली तर बिघडतं.

अपस्मार का होतो, याचे एक उत्तर नाही. जन्मताना गुदमरणे, नवजात बाळाची रक्तशर्करा फार खाली जाणे, मेंदूज्वर, डोक्याला गंभीर मार, मेंदूच्या घडणीतला जन्मजात दोष, जनुकांतले बदल ही त्यातली काही कारणे. आणि कित्येक मुलांत कारण सापडतच नाही. बहुतेक मुलांच्या घरी दुसऱ्या कोणाला हा आजार नसतो. भारतात एक टाळता येणारे कारणही आहे. पट्टकृमीची अंडी अस्वच्छ पाणी, न धुतलेल्या पालेभाज्या किंवा मळलेल्या हातांवाटे पोटात गेली, तर त्यांची अळी मेंदूत जाऊन गाठ करते आणि फिट येते. शाकाहारी घरातल्या मुलालाही हे होते, कारण अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात. स्कॅनमध्ये ‘गाठ’ हा शब्द वाचून पालक कॅन्सरच्या भीतीने कोलमडतात. ही गाठ मात्र बहुधा औषधांनी विरते.

बाधा, करणी, देवीचा कोप हे समज ‘परंपरेने आले’ असे म्हणून सोडून देणे परंपरेवरच अन्याय करणारे आहे. चरकसंहितेत अपस्मारावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानातही स्वतंत्र अध्याय आहेत, आणि त्यांत दोषांनुसार प्रकार पाडून औषधे सांगितली आहेत. तो उपचार आज पुरेसा नाही. पण या आजारावर औषध शोधायचे असते, ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. दोष कुणाचा, हा प्रश्न घरात जितका वेळ चालतो तितका वेळ मुलाच्या आईला झोप लागत नाही, आणि तिच्या घाबरण्याचा अर्थ मूल आपल्या परीने लावते. डॉक्टरांनी एक वाक्य वडील आणि आजी-आजोबांसमोर स्पष्ट म्हणावे : यात आईची चूक नाही. हे वाक्य कागदावरच्या औषधाइतकेच आवश्यक आहे.

बाबा : मोठी फिट एकदाच आली, आणि तीही लग्नाच्या मांडवात. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला. एकानं दातांत चमचा घातला, तर समोरचा दात हलला. मी नुसता उभा. सगळं वाचलेलं असून.

आत्या : घाबरल्यावर वाचलेलं आठवत नाही. हातानं करून बघितलेलं असेल तेच आठवतं.

फिट आलेल्या मुलाला जमिनीवर एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडते. डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळची बटणे सैल करावीत, आजूबाजूचे टोकदार सामान दूर करावे. घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, कापड, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नये. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात तुटतात आणि पाणी श्वासनलिकेत जाते. हातपाय दाबून धरू नयेत. कांद्याने, चपलेने किंवा लोखंडाने फिट थांबत नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे त्या वेळी जे केले त्यालाच श्रेय मिळते आणि समज पक्का होतो. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा फिट थांबल्यावर श्वास नीट सुरू झाला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक मुलांसाठी डॉक्टर नाकात फवारायचे मिडाझोलामही लिहून देतात. त्याची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हे सगळे एकदा उशीवर सराव करून पाहावे. मुलाला सांभाळणाऱ्या बाईंनाही शिकवावे, कारण दिवसभर मुलाजवळ त्याच असतात.

औषधांविषयी पालकांच्या मनात दोन टोकांच्या भावना असतात, आणि त्या एकाच घरात शेजारी शेजारी राहतात.

बाबा : दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळी? तीही फिट बंद झाल्यापासून दोन वर्षं! तिच्या आईला वाटतं मेंदू मंद होईल. गेल्या महिन्यात फिट नव्हती, म्हणून आम्ही चार दिवस दिलीच नाही.

आत्या : आणि?

बाबा : पाचव्या दिवशी परत सुरू.

आत्या : मग आणखी कोणती तपासणी करून बघायची राहिली आहे?

बाबा : ताई, तुझं बरोबर. पण गोळीनं ती खरंच चिडचिडी झालीय. डॉक्टरांना विचारायचं तर बाहेर शंभर जण रांगेत. पाच मिनिटांत काय विचारणार? मग कुणीतरी सांगतं, अमुक गावी पुडी देतात, तीन महिन्यांत कायमचं बरं.

वडिलांची तक्रार खोटी नाही. लेव्हेटिरासिटामने काही मुले चिडखोर होतात, फेनोबार्बिटोनने चंचल किंवा सुस्त होतात, फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढते आणि अगदी लहान मुलांत यकृतावर लक्ष ठेवावे लागते. हे आधी सांगितलेले असले की पालक औषध बंद न करता बदलून मागतात; सांगितलेले नसले की ते गुपचूप बंद करतात. गोळी एकदम थांबवल्याने न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. ईईजी ‘नॉर्मल’ आला म्हणूनही आजार संपत नाही, कारण तो आलेख त्या अर्ध्या तासाचा असतो. बहुतेक प्रकारांत फिटशिवाय दोन वर्षे गेली की डॉक्टर हळूहळू काही महिन्यांत मात्रा उतरवतात. काही प्रकारांत औषध पुष्कळ वर्षे लागते.

‘कायमचे बरे’ करणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांचे सांगायचे, तर भारतात अशा औषधांत फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन मिसळलेले आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ज्या गोळीची भीती वाटते तीच, न मोजलेल्या मात्रेत, जास्त पैसे देऊन मुलाच्या पोटात जाते.

औषधांनी फिट थांबत नसलेल्या मुलांच्या पालकांना पुढचे मार्ग क्वचितच माहीत असतात. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट येत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार शेवटी नव्हे, तेव्हाच करायचा असतो. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०१७ साली ११६ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले वर्षभराने फिटमुक्त होती. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. बेंगळुरूत निम्हान्समध्ये या शस्त्रक्रिया होतात. तेलतूप भरपूर आणि भात-पोळी अगदी थोडी असा किटोजेनिक आहारही काही मुलांना गुण देतो. मात्र तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा. यूट्यूब पाहून नव्हे.

आता खरा वाद. तो आजाराविषयी नाही, माणसांविषयी आहे.

बाबा : तुला वाटतं मी अडाण्यासारखा लपवतोय. मला फिटची भीती कमी आणि लोकांची जास्त आहे. शाळेला कळलं की आधी सहल बंद, मग पोहणं बंद, मग स्नेहसंमेलनातला नाच बंद. एखादी आई आपल्या मुलीला सांगणार, तिच्या शेजारी बसू नकोस. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा होणार. नऊ वर्षांच्या पोरीनं हे का सोसायचं?

आत्या : सोसू नयेच. पण तू न सांगितल्यानं काय होतंय ते बघ. स्कूलबसमध्ये फिट आली तर तिथल्या मावशी काय करतील? तुझ्या मांडवातल्या पाहुण्यांनी केलं तेच. वर्गात दहा सेकंद हरवली तर बाई ओरडणारच, कारण त्यांना ठाऊकच नाही. शाळेनं बंद करायच्या आधी तूच तिचं पोहणं बंद केलंस की नाही?

बाबा : केलं. सायकलही काढून ठेवली.

आत्या : मग लोकांनी आणखी वेगळं काय केलं असतं?

वडिलांच्या भीतीला आधार आहे, हे मान्य केल्याशिवाय हा संवाद पुढे जात नाही. केरळमधल्या त्या ११ टक्क्यांसारखी माणसे प्रत्येक शाळेच्या फाटकाबाहेर उभी असतात. ‘समाज बदलला आहे, बिनधास्त सांगा’ हा सल्ला देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. पण लपवण्याचे ओझे अखेर मुलावर पडते. सुरक्षिततेची व्यवस्था करता येत नाही, मुलावर ढिलाईचा आरोप येतो, आणि आपल्यात काहीतरी लाजिरवाणे आहे हे ते न बोलता शिकते.

यातून वाट निघते ती ‘कोणाला आणि काय’ हे ठरवण्याने. सोसायटीला सांगण्याची गरज नाही. वर्गशिक्षिका, खेळाचे शिक्षक, शाळेतील परिचारिका आणि बसमधील मदतनीस यांना सांगणे मात्र आवश्यक आहे. डॉक्टरांची सही असलेला एक कागद पुरतो. मुलीची फिट कशी दिसते, काय करावे, काय करू नये, किती मिनिटांनी रुग्णालयात न्यावे, कोणाला फोन करावा, एवढेच त्यावर असावे. बेंगळुरूत हा कागद इंग्रजीबरोबर कन्नडमध्येही हवा. बसमधल्या मावशींना इंग्रजी वाचता येईलच असे नाही, आणि मराठी घराचे मोडके कन्नड अशा घाईच्या वेळी पुरत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य केला आहे. फिट येतात हे मूल घरी बसवण्याचे कारण होऊ शकत नाही.

खेळांबाबत नियम साधे आहेत. पोहताना पोहता येणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. सायकल हेल्मेट घालून आणि रहदारीपासून दूर. उंचावर चढण्याचे खेळ टाळावेत, बंक बेडचा खालचा भाग मुलाला द्यावा, न्हाणीघराला आतून कडी नको. बाकी धावणे, नाचणे, कबड्डी, क्रिकेट चालते. ज्याच्या चपळाईवर चिन्नास्वामी स्टेडियममधले प्रेक्षकही खूश असत, तो दक्षिण आफ्रिकेचा क्षेत्ररक्षक जॉन्टी ऱ्होड्स याला लहानपणापासून अपस्मार आहे, आणि त्याने ते कधी लपवले नाही.

बाबा : ती मुलगी आहे ताई. उद्या लग्न ठरवताना कुणीतरी हे उकरून काढेलच.

आत्या : पंधरा वर्षांनंतरच्या सासूसाठी आजच्या मुलीला डांबून ठेवणार?

बाबा : तू हसण्यावारी नेतेस. कायद्यातसुद्धा होतं हे.

आत्या : होतं. आता नाही.

वडिलांची माहिती जुनी आहे, पण निराधार नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अपस्माराला वेडाच्या पंक्तीत बसवले होते आणि त्या आधारे लग्न रद्द ठरवता येत असे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तशीच तरतूद होती. १९९९ च्या दुरुस्तीने दोन्ही कायद्यांतून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला. मात्र आजार लपवून केलेले लग्न पुढे फसवणुकीच्या आरोपापर्यंत जाऊ शकते. अपस्मार असलेल्या स्त्रिया संसार करतात आणि त्यांच्यापैकी बहुसंख्य निरोगी मुलांना जन्म देतात. त्यासाठी आज करण्याजोगे एकच आहे : व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून मुलगी वयात येताना औषधाचा फेरविचार करावा अशी आठवण पालकांनीच डॉक्टरांना करून द्यावी.

पालकांना हे सगळे सांगायचे कोणी? गर्दीच्या ओपीडीतील डॉक्टरांना ते एकट्याने जमणारे नाही. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि ज्यांचे मूल यातून गेले आहे असे पालक यांना हे काम रीतसर सोपवायला हवे. डॉ. मणी यांनी कर्नाटकातील येळंदूर तालुक्यात हा आजार गावातच हाताळून दाखवला. फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही जुनी, स्वस्त औषधे आणि नियमित पाठपुरावा एवढ्यावर बऱ्याच रुग्णांच्या फिट थांबल्या. २००१ साली ते काम ‘द लॅन्सेट’मध्ये आले. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत ज्या आजारांची तपासणी होते, त्यांत फिटचाही समावेश आहे. निम्हान्सच्या सहकार्याने कर्नाटकाने २०२२ मध्ये मेंदू आरोग्य उपक्रम सुरू केला, त्यातही अपस्मार आहे. या यंत्रणेतून पालकाला गोळीबरोबर वीस मिनिटांचे बोलणे मिळाले, तर पुडीवाल्याकडची रांग आखूड होईल.

आत्या : एवढं सगळं बोललो. तिला काय सांगितलंय?

बाबा : व्हिटॅमिनची गोळी आहे म्हणून.

आत्या : नऊ वर्षांची आहे. गोळीचं नाव तिनं केव्हाच वाचलं असेल. शाळेत मैत्रिणीनं सांगण्याआधी तू सांग.

बाबा : वर्गशिक्षिकेला आणि बसच्या मावशींना कागद देतो. पोहायला मी स्वतः घेऊन जाईन. सोसायटीत नाही सांगणार, आत्ता तरी नाही.

आत्या : नको सांगू. तिला मात्र आजच सांग.

मुलाला सांगताना त्याच्या वयाची भाषा पुरते. तुझा मेंदू मधेच काही क्षण थांबतो, तू काही चूक केलेली नाहीस, या गोळीने ते होत नाही, आणि झाले तर काय करायचे ते आम्हाला येते. दहा-अकराव्या वर्षी गोळीच्या डबीचे काम मोठ्यांच्या नजरेखाली मुलाकडे द्यावे. पौगंडात गोळी चुकवणे आणि जागरण ही फिट परतण्याची मोठी कारणे असतात. परीक्षेच्या रात्री दोन्ही एकदम घडतात, म्हणून अभ्यासाचे वेळापत्रक झोप धरून आखावे लागते. अठरा पूर्ण झाल्यावर वाहन परवान्याच्या अर्जातील नमुना १ मध्ये अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मुलीने स्वतः सही करून द्यायचे असते. याच सुमारास उपचार बालविभागातून प्रौढांच्या विभागात जातात. त्या वेळी फाइल मुलीच्या हाती असावी, आणि फिटचा प्रकार, आजवरची औषधे, त्यांच्या मात्रा, झालेले दुष्परिणाम, शेवटच्या फिटची तारीख आणि ईईजी-एमआरआयचे अहवाल तिला स्वतःला सांगता यावेत.